बोरमाळ

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी हेन्री मोलेसनची हकीकत सांगितली. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली अमेरिकेत डॉ. स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेना. नुकताच भेटलेला माणूस पुन्हा अनोळखी! वर्गात हशा पिकला. मला काही हसता आलं नाही.

माझ्या आजीला अल्झायमर आहे. तोही आधी हिप्पोकॅम्पसच पोखरतो, म्हणून ताजं आधी पुसलं जातं, जुनं मागे रेंगाळतं. शनिवारी एस.टी.तून उतरून घरी गेलो, की ती विचारते, "कुणाचा रं तू?" आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या प्रवेशासाठी आजीनं बोरमाळ मोडली. आता मोकळ्या गळ्यावर हात फिरवून ती म्हणते, "माझी माळ कुनी चोरली?" मी एकदा खरं सांगितलं. ती हरखली. पाच मिनिटांनी पुन्हा चोराला शिव्या. त्या मला लागतात.

ब्रेंडा मिल्नर यांनी मोलेसनला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली होती. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला. आपण हे कधी केलंय, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. हातांचं शिकणं मेंदूत दुसरीकडे साठतं, म्हणे.

आजीची भाकरी अजून गोल उतरते. चुलीपाशी आई लक्ष ठेवून असते, एवढंच. पहिली भाकरी माझ्या ताटात टाकून आजी म्हणते, "खा रं पाव्हण्या, लांबनं आलायस."