पेटी फक्त निमित्त
मे महिन्यात जामसंड्याला गेलं की हापूसच्या पेट्या उचलणं हा माझा हौसेचा कार्यक्रम. यंदा वाकून, कमरेत वळून पेटी टेम्पोत ठेवली आणि कळ थेट पायात उतरली. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली होती. मी पेटीला दोष दिला. डॉक्टरांनी वर्षांचा हिशोब मांडला: दिवसभर खुर्ची, सुटलेलं पोट, सिगरेट (तिने गादीचं पोषण घटतं), शिवाय बाबांनाही हेच दुखणं.

सत्तरीचे काका गुडघ्यांत वाकून, पेटी पोटाशी धरून उचलतात. म्हणाले, "अरे झिला, देवान पाय कित्याक दिले?"

सिगरेट सोडलीय. बाबांना फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माझी कंबर तुला द्यायची नव्हती रे."