कचऱ्यावर उगवलेले रान

धारावीत माझ्या मामूंचा चामडी पाकिटे आणि पिशव्या बनवण्याचा छोटा कारखाना आहे. रविवारी मुलांना घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर मामू म्हणाले, "चला, आज जंगल पाहू." मुले हसली. धारावीत कसले जंगल?

सायन-वांद्रे जोडरस्त्याला लागूनच महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकरांवर पसरलेली झाडी, पावसाचे पाणी साठवणारे तळे, फुलपाखरे. पलीकडे मिठी नदी आणि तिवरे. आत थोडे चाललो आणि गाड्यांचा आवाज मागे पडला.

येथे १९७७ पर्यंत शहराचा कचरा टाकला जात होता, हे मुलांना खरेच वाटेना. त्या कचऱ्यावर माती पसरली गेली. १९८३ मध्ये पहिले झाड लावले ते विख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी. तेव्हा त्यांचे वय सत्याऐंशीच्या घरात होते. १९८७ मध्ये ते गेले आणि उद्यान लोकांसाठी खुले झाले १९९४ मध्ये. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, अशी आपल्या प्यारे नबींची (स.) शिकवण आहे. ती येथे डोळ्यांना दिसते.

धारावीच्या पुनर्विकासात हे उद्यानही ओढले जाईल, या भीतीने प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. मी मामूंना विचारले, "तुम्हाला काय वाटते? कारखाना हवा की झाडे?"

"कारखान्याशिवाय चूल पेटत नाही," ते म्हणाले. "पण दिवसभर सोल्युशनच्या वासात बसणाऱ्याला विचार, झाड म्हणजे काय. दोन्ही हवेत, बेटा."

मग तिवरांच्या मुळांत अडकलेल्या प्लास्टिककडे पाहत ते हळूच म्हणाले, "सरकारला नावे ठेवतो खरी. पण आमच्या गल्लीतला कचरा नाल्यात जातो आणि नाला इथेच येतो."

अल्लाहने सृष्टीत मीजान, म्हणजे समतोल ठेवला आहे. रोजीही त्याचीच देणगी आणि ही जमीनही त्याचीच अमानत. धंदा करणाऱ्याने आपला कचरा, आपले सांडपाणी आपल्या दारातच आवरले, तर दोन्ही शेजारी सुखाने राहतील.

परतल्यावर मामूंनी कारखान्याच्या कोपऱ्यात एक रिकामे पोते ठेवले आणि कारागिरांना सांगितले, "उद्यापासून कातरण यात टाका. नाल्यात एक तुकडाही जाता कामा नये."