राज्याबाहेरचा जानेवारी

अटलांटा येथील जॉर्जिया टेक या सरकारी तंत्रविद्यापीठाच्या प्रवेशाच्या वेळापत्रकात ‘अर्ली अ‍ॅक्शन’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या रांगा आहेत, आणि त्या रांगांना विभागणारी रेषा गुणांची नसून नकाशावरची आहे. अर्ली अ‍ॅक्शन म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षात, सर्वसाधारण मुदतीच्या दोन-अडीच महिने आधी अर्ज करून निर्णयही आधी मिळवण्याची सोय. ‘अर्ली डिसिजन’ या दुसऱ्या पद्धतीत प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचे वचन अर्जदाराला आगाऊ द्यावे लागते, तसे बंधन येथे नसते, आणि होकार आला तरी १ मेपर्यंत विचार करण्याची मोकळीक राहते. जॉर्जियाच्या रहिवाशांनी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अर्ज करायचा आणि डिसेंबरात निकाल पाहायचा. इतर सर्वांनी, मग ते शेजारच्या अलाबामाचे असोत की मुंबईचे, नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत अर्ज करायचा आणि जानेवारी सरत आल्यावर निकाल पाहायचा. सव्हाना नदीच्या पश्चिम तीरावरच्या मुलाची प्रतीक्षा सुमारे दोन महिन्यांची, तर पूर्व तीरावर, दक्षिण कॅरोलायनात राहणाऱ्या मुलाची जवळजवळ तीन महिन्यांची. नदीने जमीन विभागावी हे समजण्यासारखे आहे. तिने हिवाळाही विभागावा, हे मात्र थोडे नवलाचे.

हा जास्तीचा महिना दिसतो तितका रिकामा नसतो. अनेक महाविद्यालयांच्या सर्वसाधारण अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या काही दिवसांत संपते, म्हणजे बाहेरच्या अर्जदाराचा निकाल लागण्यापूर्वीच; त्यामुळे डिसेंबरात होकार मिळालेला स्थानिक विद्यार्थी नाताळच्या सुट्टीत निवांत झोप काढू शकतो, तर बाहेरचा त्याच सुट्टीत आणखी आठ-दहा ठिकाणची शुल्के भरत आणि निबंध लिहीत बसतो. ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ हा सामाईक अर्ज १९७५ साली १५ खासगी महाविद्यालयांनी सुरू केला, आणि आज त्यातून एका विद्यार्थ्याला २० महाविद्यालयांपर्यंत अर्ज करता येतात. ६५० शब्दांचा मुख्य निबंध सर्वांना एकच चालतो, पण ‘आमच्याकडेच का यायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला निराळे द्यावे लागते. मन अटलांटात किंवा मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरमध्ये गुंतलेले असताना तिसऱ्याच गावातल्या ग्रंथालयाची स्तुती २५० शब्दांत करणे, हे सतरा वर्षांच्या मुलांना पडणारे बहुधा पहिलेच राजनैतिक काम असावे. शिवाय निकालाचा दिवस उजाडला तरी निकाल लागतोच असे नाही, कारण होकार आणि नकार यांच्यामध्ये ‘डिफर्ड’ नावाचे तिसरे उत्तर असते, ज्याचा अर्थ अर्ज सर्वसाधारण गठ्ठ्यात ढकलला असून आता वसंतापर्यंत थांबावे, एवढाच.

राज्यातले आणि बाहेरचे या भेदामागचा तर्क जुना आहे. लिंकन यांनी २ जुलै १८६२ रोजी सही केलेल्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला त्याच्या संसद-सदस्यामागे ३०,००० एकर या हिशेबाने जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये चालवावीत असे ठरवले. ती जमीन बव्हंशी मूलनिवासी राष्ट्रांकडून काढून घेतलेली होती, म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न पायाभरणीतच होता. पुढे राज्यांच्या करांवर ही विद्यापीठे वाढली आणि करदात्यांच्या मुलांचा त्यांवरचा पहिला हक्क नियमांत उतरला. नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठ-मंडळाने १९८६ साली नव्या प्रवेशांत बाहेरच्यांचे प्रमाण १८ टक्क्यांपुरते मर्यादित केले, आणि त्या विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील प्रांगणाला ही मर्यादा पुढे अनेक दशके लागू राहिली. थॉमस जेफरसन यांनी स्थापन केलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठात सुमारे दोन-तृतीयांश जागा राज्यातल्यांच्या असतात. मिशिगनमध्ये उलट चित्र दिसते, तेथे पदवी-विद्यार्थ्यांतला जवळजवळ निम्मा वर्ग बाहेरचा असून त्याचे शिक्षणशुल्क स्थानिकांच्या तिपटीहून अधिक आहे, म्हणजे पाहुण्यांसाठी दार उघडे ठेवून पंगतीचा खर्च पाहुण्यांकडूनच वसूल करण्याची ही रीत. कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्ली अ‍ॅक्शन हा प्रकारच नाही. तेथे घरचे आणि बाहेरचे सारखेच थांबतात, आणि हा समभाव सभ्यतेला अधिक धरून आहे असे वाटल्यावाचून राहत नाही.

मात्र ‘बाहेरचा’ कोणाला म्हणावे, हा प्रश्न प्रवेश-कार्यालयापेक्षा न्यायालयाने अधिक बारकाईने तपासला आहे. १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणीचा विवाह कनेक्टिकटच्या जन्मापासूनच्या रहिवाशाशी ठरला; तिने मे महिन्यात कनेक्टिकट विद्यापीठाकडे अर्ज केला, तिला राज्यातली विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला, जूनअखेरीस लग्न झाले आणि दांपत्याने स्टॉर्स या विद्यापीठाच्या गावी बिऱ्हाड थाटले. तिच्याकडे कनेक्टिकटचा वाहन-परवाना होता, गाडीची नोंदणी तेथली होती, मतदारयादीत नाव तेथले होते. परंतु त्याच सुमारास लागू झालेल्या राज्याच्या कायद्यात असे कलम होते की, विवाहित विद्यार्थ्याचा अर्जाच्या वेळचा पत्ता राज्याबाहेरचा असेल, तर शिक्षण संपेपर्यंत तो बाहेरचाच गणला जाईल. अर्जाच्या पाकिटावर कॅलिफोर्नियाचा पत्ता होता. तेव्हा मधल्या काळात तिने घर केले, मतदारयादीत नाव घातले, आयुष्य त्या मातीत रोवले, तरी पाकीट लिहिण्याचा तो क्षण शिक्षण संपेपर्यंत पुरणार होता. तशाच कात्रीत सापडलेली, ओहायोहून आलेली दुसरी एक विद्यार्थिनीही तिच्यासोबत न्यायालयात गेली, आणि विद्यापीठाच्या प्रवेश-संचालकांच्या नावावरून ‘व्लँडिस विरुद्ध क्लाइन’ म्हणून ओळखला जाणारा हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ११ जून १९७३ रोजी बहुमताचा निकाल न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिला: राज्याला आपल्या रहिवाशांना कमी शुल्क लावण्याचा अधिकार आहे, पण खोडून काढण्याची संधीच न देता एखाद्याला कायमचे बाहेरचे ठरवणे घटनेतल्या ‘ड्यू प्रोसेस’च्या, म्हणजे न्याय्य कार्यपद्धतीच्या, हमीत बसत नाही.

या निकालाला एक पूर्वपीठिका आहे आणि प्रतीक्षेच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची. मिनेसोटात स्थानिक गणले जाण्यापूर्वी वर्षभर राज्यात राहण्याची अट होती. १९७१ च्या ‘स्टार्न्स विरुद्ध माल्कर्सन’ या खटल्यात ती अट कायम राहिली होती, आणि कनेक्टिकटचा निकाल देतानाही न्यायालयाने तिला धक्का लावला नाही. दोन्ही निवाडे शेजारी ठेवून वाचले, तर राज्याने माणसाला वर्षभर थांबवावे, पण ‘तू कधीच आमचा नव्हेस’ असे म्हणू नये, एवढी बारीक रेषा हाती लागते. व्यवहारात ही रेषा पुसट झाली आहे, कारण केवळ शिकण्यासाठी काढलेले वर्ष अनेक राज्ये वास्तव्यात धरत नाहीत. तरीही थांबणे हा अपमान नसून आपलेसे होण्याच्या वाटेवरचा टप्पा असू शकतो, हे कायद्याच्या कोरड्या भाषेत कोणी तरी लिहून ठेवले, याचे समाधान आहे.

न्यू जर्सी किंवा टेक्ससमधल्या मराठी घरांना हा सारा विषय मुळात परका नाही. डोमिसाईलसाठी तहसील कचेरीत घातलेल्या खेपा आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली राज्याची ८५ व अखिल भारतीय १५ टक्के अशी वाटणी आई-वडिलांच्या पिढीला पाठ असते. परके वाटते ते वेगळेच: महाराष्ट्रात प्रतीक्षेला क्रमांक असतो, गुणवत्ता यादीत आपण कितवे हे दिसते, पुढच्या फेरीत यादी कुठवर सरकेल याचा हिशेब शेजारीही मांडतात; अमेरिकी प्रवेशात मात्र निबंध, शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे उद्योग असे सर्व एकत्र वाचून मत बनवले जाते आणि अर्जदाराला क्रमांक मिळतच नाही. क्रमांकाविना थांबणे हे क्रमांकासह थांबण्यापेक्षा अवघड, कारण दोष कोणत्या पेपराला द्यावा हेही कळत नाही. त्यात मुलगा किंवा मुलगी एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असेल, तर काही राज्यांत ते मूल शुल्कापुरते स्थानिक, पण देशाच्या लेखी परदेशी, आणि एकविसाव्या वाढदिवशी ते आश्रितपणही संपणारे, असे तिहेरी बाहेरपण वाट्याला येते.

पूर्वी निकाल टपालाने येत, आणि जाड पाकीट म्हणजे होकार, पातळ म्हणजे नकार, असा सोपा शकुन होता. आता निकाल संकेतस्थळावरच्या खात्यात ठरल्या संध्याकाळी उघडतो, आणि होकार असल्यास काही विद्यापीठे पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उधळतात, जे जरा सवंगच म्हणावे लागेल. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे ७ वाजतात, तेव्हा कॅलिफोर्नियातला अर्जदार दुपारी ४ वाजता शाळेतून घरी परतत असतो आणि पुण्या-नाशकात दुसऱ्या दिवसाची पहाट, साडेपाचची, झालेली असते. तिकडचे आजी-आजोबा त्या वेळी जागेच असतात, हे मान्य. परंतु जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात त्यांनी व्हिडिओ कॉल जरूर करावा, हवापाण्याचे बोलावे, संक्रांतीच्या तिळगुळाचे बोलावे, आणि निकालाची चौकशी मूल स्वतःहून सांगेपर्यंत करू नये.