न दिसणारा धूर

पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान आपल्या न्यायशास्त्रात शतकानुशतके शिकवले गेले. जिथे धूर तिथे अग्नी. दाखला कशाचा, तर स्वयंपाकघराचा! पण हे वाक्य उलटे फिरवता येत नाही, हेही ते शास्त्री जाणून होते. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे नाही. त्यासाठी ते तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याकडे बोट दाखवीत. मला त्यांचे फार कौतुक वाटते. कारण कॅनडातल्या घरांच्या तळघरांत ज्या भट्ट्यांच्या नळ्या आखण्यात आणि बसवण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यांची सारी गोम या उलट्या वाक्यात आहे. अग्नी आहे, पण धूर दिसत नाही. आणि जपायचे असते ते या न दिसणाऱ्या धुरालाच.

टोरांटोच्या बाजूला कडक हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा घराला ऊब देते ती तळघरातली गॅसची भट्टी. तिला इथे फर्नेस म्हणतात. आत ज्योती जळतात, धातूच्या पोकळ भिंती तापतात, आणि त्या भिंतींच्या बाहेरच्या अंगाने पंख्याने ढकललेली घरातली हवा गरम होऊन खोल्याखोल्यांत जाते. ज्योतीचा धूर आणि माणसांची हवा यांची गाठ कधी पडू द्यायची नाही, हा या यंत्राचा पहिला धर्म.

जुन्या भट्ट्यांना हा धर्म पाळणे सोपे होते. त्यांचा धूर २०० अंशांहूनही गरम असे. गरम हवा हलकी असते, ती आपणहून वर चढते. विटांचे उंच धुराडे बांधून दिले की काम संपले. मात्र त्या धुराबरोबर घरमालकाचे पैसेही आकाशात जात. १०० रुपयांचा गॅस जाळावा आणि घराला ५५ ते ७० रुपयांचीच ऊब मिळावी, असा तो व्यवहार होता. नव्या भट्ट्या ९० रुपयांहून अधिक ऊब पदरात टाकतात. काही तर ९८ पर्यंत पोचतात.

हे साधते कसे, ते दिवाळीच्या पणतीवरच पाहता येईल. थंडगार पाण्याने भरलेली एखादी वाटी बाहेरून कोरडी पुसून ज्योतीच्या वर थोडा वेळ धरा. वाटीच्या बुडाशी काजळी धरेल, पण तिच्याबरोबर बारीक दवही दिसेल. ज्योतीतून पाणी निघते! मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६० च्या नाताळात मुलांसमोर जी मेणबत्तीवरची व्याख्याने दिली, त्यांत हीच गंमत दाखवली होती. घरगुती नैसर्गिक गॅसचेही तेच. एक घनमीटर गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी तयार होते, पण वाफेच्या रूपात. आणि एक लिटर पाण्याएवढी वाफ निवून परत पाणी होते तेव्हा इतकी उष्णता सोडते की तिच्यावर २० अंशांचे सहा लिटरांहून अधिक पाणी उकळावे. जुनी भट्टी ही ठेव तशीच बाहेर फेकून देई. नवी भट्टी धुराला आणखी एका थंड धातूच्या वळशातून फिरवते, ५५ अंशांच्या खाली आणते, वाफेचे पाणी करते आणि तो शेवटचा पैसाही काढून घेते.

पण जगात फुकट काही मिळत नाही. ज्या उष्णतेच्या बळावर धूर वर चढत होता, तीच आपण काढून घेतली. आता तो कोमट, ओला आणि दुबळा झाला. विटांच्या धुराड्यात सोडला तर वर चढणार नाही. आणि त्यातले पाणी आंबट, म्हणजे आम्लयुक्त असल्यामुळे विटा आणि साधा पत्रा खाऊन टाकील. म्हणून त्याला छोट्या पंख्याने ढकलावे लागते आणि प्लॅस्टिकच्या नळीतून भिंतीबाहेर पोचवावे लागते. ही नळी कोणतीही चालत नाही. कॅनडात तिच्यावर यूएलसी एस ६३६ या मानकाचा शिक्का लागतो.

नळी घालणे म्हणजे काय मोठेसे, असे पाहणाऱ्याला वाटते. पण पंख्याचे बळ मोजके असते. नळी जितकी लांब तितका धुराला अडथळा, आणि प्रत्येक एल्बो म्हणजे आणखी काही फूट सरळ नळी, असा हिशेब धरावा लागतो. तो जुळला नाही तर नळी मोठ्या व्यासाची घ्यायची, नाहीतर वळणेच कमी करायची. ढाळाचीही मौज आहे. कोकणात पागोळीचे पाणी घरापासून दूर जावे म्हणून आपण ढाळ बाहेर देतो. इथे ढाळ आत, भट्टीकडे: फुटामागे पाव इंच. कारण नळीतले पाणी बाहेर वाहिले तर तोंडाशीच गोठून बर्फाचे बूच बसेल. ते परत भट्टीकडे यावे आणि ट्रॅपमधून मोरीत जावे. मध्येच नळीला झोल पडला तर तिथे पाणी साचते आणि धुराची वाट अडते. म्हणून ठरावीक अंतरावर क्लॅम्प. कापलेल्या नळीची कड घासून साफ करायची, मग सोल्युशन लावायचे. ही सारी कामे छताआड झाकली जातात, कुणी पाहायला येत नाही. म्हणूनच ती नीट करायची.

माझी आई रत्नागिरीहून एकदा हिवाळ्यात आली होती. भिंतीतून निघणारी पांढरी वाफ पाहून ती म्हणाली, "अरे, तुमच्या घराच्या बरगडीतून श्वास निघतोय!" मग क्षणभर थांबून, "बाहेर टाकतंय ते दिसलं. आत कुठून घेतं रे?"

तिचा जन्म चुलीपुढे गेला होता. आमच्या घरी चुलीचा धूर कौलांच्या फटींतून जाई आणि त्याच फटींतून हवा आत येई. वासे काळे झाले, आईचे डोळे चुरचुरले, पण घर कोंडले नाही. म्हणून तिला नेमका प्रश्न सुचला. मी तिला दुसरी नळी दाखवली. ज्योतीला लागणारी हवा ती बाहेरून आणते. दोन्ही तोंडे सहसा एकाच भिंतीवर ठेवतात. नाहीतर एकावर वारा आदळतो, दुसऱ्यावर ओढ बसते आणि ज्योत बिथरते. पण ती इतकी जवळही नकोत की टाकलेला श्वासच पुन्हा आत ओढला जावा. ओंटारिओत नेहमीच्या आकाराच्या भट्टीला खिडकीपासून किमान १२ इंच अंतर लागते, मोठीला ३ फूट. बर्फाचा थर जिथवर साचेल त्याच्याही १२ इंच वर तोंड हवे. तरी वादळानंतर फावडे घेऊन बाहेर जावेच लागते. वाट बुजली तर भट्टी स्वतःच बंद पडते. दाब ओळखणारे एक छोटे बटण तिला पेटू देत नाही. लोक तेव्हा तिच्या नावाने बोटे मोडतात. खरे तर ते तिचे शहाणपण असते.

खरा धोका मात्र नव्या भट्टीच्या शेजारी उभा असतो. जुन्या घरांत भट्टी आणि पाणी तापवायची टाकी यांचे धुराडे एकच असे. भट्टीच्या कढत धुराने ते तापलेले राही, आणि टाकीचा लहानसा धूर त्याबरोबर वर निघून जाई. थोरल्या भावाच्या कमाईवर धाकट्याचा संसार चालावा तसा. नवी भट्टी आली आणि थोरला वेगळा निघाला. रुंद, थंडगार धुराड्यात टाकी एकटी उरली. या धंद्यातली माणसे तिला 'पोरकी' म्हणतात. तिचा धूर अर्ध्यावर निवतो, आणि स्वयंपाकघरातला पंखा सुरू झाला की उलटा घरात उतरतो. एका घरमालकाने मला विचारले होते, "टाकी तर होती तशीच आहे. तिला काय झालं?" मी म्हटले, "तिला काही झालं नाही. तिची सोबत गेली." धुराड्यात बारीक धातूची नळी सोडण्याचा खर्च मग त्याने मान्य केला.

उलटा फिरलेला धूर ज्योतीला स्वतःचाच उच्छ्वास पाजतो. प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायूला जितके धरते त्याच्या २०० पटींहून अधिक घट्ट ते याला धरते. डोके दुखते, गुंगी येते. माणसाला वाटते, थकलो असेन. ओंटारिओतल्या वुडस्टॉक गावी डिसेंबर २००८ मध्ये गॅसच्या शेकोटीची धूरवाट बुजली आणि चौघांचे एक कुटुंब गेले: आई, वडील आणि दोन मुले. त्यांच्या नावाने २०१३ साली हॉकिन्स-गिग्नॅक कायदा झाला. गॅस किंवा इतर इंधन जळते अशा प्रत्येक घरात आता धोक्याची घंटा देणारे यंत्र सक्तीचे आहे. न दिसणारा धूर दिसावा म्हणून माणसाने शोधलेला हा एक कृत्रिम डोळा!

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्रात घरे तापवावी लागत नाहीत, पण न्हाणीघरात गॅसचा गीझर कितीतरी घरांत आहे, आणि बहुतेकांना बाहेर जाणारी नळीच नसते. नरकचतुर्दशीची पहाट आठवा. बाहेर गारवा, आत तेल-उटणे, दार लावलेले, झरोका थंडी येते म्हणून बंद, आणि एकामागून एक चौघांची अभ्यंगस्नाने. गीझर तितका वेळ त्या कोंडलेल्या खोलीतली हवा खात असतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. या विषाला तो नाही. गीझर न्हाणीबाहेर मोकळ्या हवेत बसवावा हे उत्तम. ते होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार-झरोका थोडा वेळ उघडा ठेवावा, मग पहिले तांब्या अंगावर.

आपण अग्नीची पूजा करतो, दिवा लावून नमस्कार करतो. त्याच्या उच्छ्वासाची विचारपूस करायला मात्र विसरतो. अग्नी जितका काटकसरी, तितका त्याचा श्वास दुबळा. आणि दुबळ्याला वाट करून द्यावी लागते, ती त्याला आपणहून सापडत नाही. या दिवाळीत घरातली प्रत्येक ज्योत पाहताना एकच प्रश्न मनाशी विचारावा: हिचा धूर जातो कुठे?