मधला स्पीकर

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू यायला लागलं, की ते आधी डॉक्टरला कळत नाही, टीव्हीच्या रिमोटला कळतं. आवाज वीसवरून पंचवीसवर जातो, पंचवीसवरून बत्तीसवर. मग सून कुरकुरते, नातवंडं कानावर हात ठेवतात, आणि काही महिन्यांनी ते म्हातारं माणूस टीव्ही लागला की आपोआप आतल्या खोलीत जाऊन बसतं. कुणी हाकललेलं नसतं. पण बसून काय करायचं, कळतच नाही ना कोण काय म्हणालं.

आमच्या भोरच्या घरात अम्मीचं असंच होऊ लागलं होतं. अम्मी सत्तरीपुढची. घरात आमची बोली दखनी, पण मालिका तिला मराठीच लागतात. सुरुवातीला ती दर दोन मिनिटांनी विचारायची, "क्या बोल्या उने?" आम्ही सांगायचो. नंतर तिने विचारणं बंद केलं. मला त्याचीच जास्त काळजी वाटली. विचारणारा माणूस अजून आपल्यात बसलेला असतो.

आवाज वाढवला की ती म्हणायची, "आवाज नक्को बढा, उनको बराबर बोलने बोल." आवाज वाढवू नकोस, त्यांना नीट बोलायला सांग. आम्ही हसलो, पण तिने दुखण्याचं नाव अचूक सांगितलं होतं. वयाबरोबर कान सगळेच आवाज सारखे गमावत नाही. आधी जातात ते उंच पट्टीतले बारीक आवाज. स, श, फ, त, क ही व्यंजनं ओळखायच्या बऱ्याच खुणा तिथेच असतात. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकसही असतात. म्हणून माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाही. रिमोट दाबला की आधीच जोरात असलेले स्वर आणि पार्श्वसंगीत आणखी अंगावर येतं. शब्द तिथेच राहतो.

हे मला माझ्या वर्गात रोज दिसतं. माझी नोकरी वेल्ह्यात. भोरहून कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत जायचं. तिकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. तोरण्यावर ढग बसला की दिवसदिवस उठत नाही, आणि पत्र्याच्या छपराखाली श्रुतलेखन घ्यायचं म्हणजे सत्त्वपरीक्षा. अशा दिवशीच्या वह्या तपासल्या की मुलांच्या चुका कुठे होतात ते कळतं. मात्रा बहुतेक बरोबर असतात. "ताट" सांगितलं तर कुणी "काट" लिहितं, कुणी "पाट". आ पोचतो, त पोचत नाही. अम्मीच्या कानात आता तो पत्रा कायमचा वाजतोय, असं मला वाटतं.

आमच्याकडे होम थिएटरचा एक जुना संच आहे. पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर. पाच स्पीकरच्या संचात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. डावे-उजवे संगीत आणि हालचाल सांभाळतात, मागचे दोन पाऊस, गर्दी, पक्षी. म्हणजे अख्ख्या घराला गोष्ट सांगायचं काम ज्याचं, तोच आमच्या संचात सगळ्यात किरकोळ. मुठीएवढा, प्लॅस्टिकच्या डबीतला.

या मधल्या स्पीकरचा इतिहास मोठा आहे. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. त्या काळापासून थिएटरात स्पीकर पडद्यामागे ठेवत आणि पडद्याला बारीक भोकं पाडत, म्हणजे आवाज नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटेल. पुढे 'फँटासिया'ने १९४० मध्ये आणि सिनेमास्कोपच्या 'द रोब'ने १९५३ मध्ये पडद्यामागचा आवाज डावा, मधला, उजवा असा वाटला, तेव्हाही मधला ठेवलाच. कारण साधं आहे. दोनच स्पीकर असले तर बरोबर मध्ये बसलेल्यालाच आवाज मधून आल्यासारखा वाटतो. कडेला बसलेल्याला तो जवळच्या स्पीकरमधून येतो. शिवाय दोन स्पीकरचा आवाज एकाच कानात किंचित मागेपुढे पोचतो आणि साधारण २००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो. नेमका व्यंजनांच्या वाटेवर. मध्ये खरा स्पीकर असला की हा प्रश्न उरत नाही.

अम्मीची जागा कडेलाच आहे, खिडकीजवळच्या दिवाणावर. ती सत्तावीस वर्षांची जागा आहे, ती हलणार नाही. म्हणून स्पीकर निवडताना तिची जागा धरूनच निवडावा लागला. बाजारात मिळणारे बरेच मधले स्पीकर आडवे असतात, दोन बाजूंना दोन सारखे वूफर आणि मध्ये ट्वीटर. समोरून ऐकलं तर छान. कडेला बसलं की एक वूफर जवळ, एक लांब, आणि दोघांचा आवाज एकमेकांना काही ठिकाणी खोडतो. ज्यात मध्ये ट्वीटरखाली आवाजासाठी वेगळा मिडरेंज असतो, तो थ्री-वे प्रकार कडेच्या माणसाला जास्त न्याय देतो. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दोन शनिवार घालवून मी तसा एक वापरलेला स्पीकर घेतला. डाव्या-उजव्यांशी त्याचा सूर अगदी जुळत नाही. जाणकार म्हणतील, तिन्ही एकाच मालिकेचे हवेत. खरं आहे. पण आमच्या घरात विमान डावीकडून उजवीकडे कसं गेलं हा प्रश्न नव्हता.

बसवताना चार गोष्टी केल्या. स्पीकर कपाटाच्या खणात आत न ढकलता पुढच्या कडेला ठेवला, खाली रबराचे तुकडे, आणि तोंड थोडं वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे. ८० हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे वळवला. मधल्याची पातळी बाकीच्यांपेक्षा दोन डेसिबल वर ठेवली. आणि रात्रीसाठी जो मोड असतो तो चालू केला, म्हणजे धडाम आवाज खाली येतो आणि कुजबुज वर. मालिका स्टिरिओत असली तरी रिसीव्हरमध्ये अशी सोय असते, की दोन्ही बाजूंना सारखं असलेलं बोलणं वेगळं काढून तो मध्ये पाठवतो. ती सोय चालू आहे ना, हे नक्की बघा. नाहीतर मधला स्पीकर नुसता शोभेला.

पहिल्या रात्री रिमोटवर आकडा बाविसावर होता. अम्मी काही बोलली नाही, पण उठलीही नाही. मालिकेतल्या सासूने एक टोमणा मारला आणि आमच्या आधी अम्मी हसली. माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या मशिदीत इशाची अज़ान सुरू झाली तेव्हा टीव्ही बंद करायलाही तिनेच सांगितलं, नेहमीसारखं.

काही शब्द अजूनही निसटतात, आणि ते निसटणारच. स्पीकर म्हणजे कानाचं मशीन नव्हे. टीव्हीसमोरची दोन-तीन तासं त्याने सोपी केली, पण दारात आलेली शेजारीण, फोनवरची माझी बहीण, हे सगळे मधल्या स्पीकरमधून बोलत नाहीत. त्यासाठी कानाची तपासणी हवीच. आपल्याकडे चष्म्याची लाज उरली नाही, कानातल्या मशीनची मात्र अजून आहे. अम्मीही "मैं क्या भैरी हूं?" म्हणून वर्षभर टाळत होती. गेल्या आठवड्यात ती स्वतःहून म्हणाली, "इसमें इतना फरक पड़ा, तो उसमें भी पड़ेंगा क्या रे?"

येत्या शनिवारची वेळ घेतली आहे. वर्गात पाढे म्हणून झाले की निघायचं, संध्याकाळी पाचला पुण्यात पोचायचं आहे.