पाट, टोफू आणि मी

शीर्षक वाचून हा रेसिपीचा लेख आहे असं वाटलं असेल तर सॉरी! हा लेख ईमॅक्सबद्दल आहे. (आता निम्मे वाचक पान उलटणार, माहीत आहे मला.) शिवाय लिहिणारी पडली कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. आमच्या शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड असायचा. माझे बरेच पैसे गेले, मराठी मात्र आलं नाही ते नाहीच.

तर ईमॅक्स. १९७६ साली एमआयटीत जन्मलेला टेक्स्ट एडिटर, म्हणजे साधारण माझ्या बाबांच्या वयाचा आणि तितकाच हट्टी. एका सीनियरने सेकंड इयरला तो माझ्या गळ्यात मारला. त्यात दोन अक्षरं टाइप केली की खाली यादी उघडते. 'कन्सल्ट' नावाचं एक्स्टेन्शन उघडे बफर, नुकत्याच वापरलेल्या फायली, बुकमार्क असं सगळं एकाच मेनूत आणतं, वर मथळे देऊन. बी आणि स्पेस दाबलं की फक्त बफर, एफ आणि स्पेस दाबलं की फक्त फायली.

मला वाटायचं, मथळे म्हणजे नुसती सजावट. पण नाही. प्रत्येक यादीला आतून एक 'कॅटेगरी' असते, दारावर पाटी असावी तशी. 'मार्जिनालिया' ती पाटी वाचून ओळीपुढे माहिती लिहितं: फाइल असेल तर साइज आणि तारीख, कमांड असेल तर ती काय करते ते. 'एम्बार्क' तीच पाटी वाचून ठरवतं की या ओळीचं पुढे काय करता येईल. बफर असेल तर बंद करता येतो, फाइल असेल तर डिलीट करता येते. आता बफरचं नाव 'नोट्स' आणि फाइलचंही 'नोट्स'. बफर बंद झाला तर परत उघडू. फाइल गेली म्हणजे गेलीच की!

कन्सल्टच्या मिसळीत तर संपूर्ण यादीची पाटी 'मल्टि-कॅटेगरी', म्हणजे कुणाचीच नाही. म्हणून प्रत्येक ओळ आपली खरी कॅटेगरी पोटात घेऊन फिरते. पण तुम्ही ओळ निवडलीत की परत येताना ईमॅक्स हे चिकटवलेलं सगळं साधारणपणे काढून टाकतो. नुसती अक्षरं उरतात. मग ही ओळ आली कुठून, हे कळणार कसं? तर कन्सल्ट प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर जोडून ठेवतं, चक्क युनिकोडच्या हद्दीबाहेरचं. कोडमध्ये त्याचं नाव 'टोफू'! (फॉन्ट नसला की मराठीच्या जागी जे चौकोनी डबे दिसतात, त्यांनाही टोफूच म्हणतात. शाळेतलं माझं मराठी साधारण तसंच होतं.)

आता पाट. माझी आजी तासगावकडची. होस्टेलला आल्यापासून दर रविवारी तिचा फोन. ती बोलताना मला न कळलेले शब्द मी एका फाइलमध्ये टाइप करायचे. फडताळ, उतरंड, वळचण, शिंकं. ती हसायची. "अगं, इंजिनेर व्हायला गेलीस की शब्द गोळा करायला?" मग मी कन्सल्टसाठी चाळीसेक ओळींचं लिस्प लिहून त्या फाइलचा मेनू बनवला. मथळे कुणी शब्द दिला त्यावरून: आजी, आई, मेसच्या मावशी, पुस्तक. ओळीपुढे अर्थ. या मेनूसाठी मी एक सबमिशन बुडवलं, पण ते असो.

मागच्या सेमिस्टरच्या एका रविवारी मी व्हायव्हाच्या गडबडीत होते. आजी काहीतरी लांबलचक सांगत होती. मी "हं, हं" करत एक शब्द टाइप केला, 'पाट', आणि म्हटलं, "आजी, पुढच्या रविवारी सांग ना नीट." ती म्हणाली, "बरं बाळा, अभ्यास कर." पुढच्या रविवारी ती हॉस्पिटलमध्ये होती, आणि त्याच्या पुढच्या रविवारी नव्हतीच.

सुट्टीत घरी गेल्यावर विचारलं. आई म्हणाली, जेवायला बसायचा लाकडी पाट, दुसरं काय. बाबा म्हणाले, मळ्यातला पाण्याचा पाट असणार, त्यात ती लहानपणी पाय सोडून बसायची. आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिच्या थोरल्या बहिणीचा पाट लावला होता. नवरा गेल्यावर दुसरं लग्न. आई त्याबद्दल कधी कुणाशी बोलायची नाही गं."

कधीच नाही? मग मला सांगत होती का? की खरंच नुसतं जेवायच्या पाटाचं चाललं होतं? मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मेसच्या ताटांचा आवाज आठवतो, व्हायव्हाचा पहिला प्रश्नसुद्धा आठवतो. तिचं वाक्य आठवत नाही.

आता मेनूत 'पाट' टाइप केलं की चार ओळी येतात, अक्षरं तीच. तीन ओळी आई, बाबा आणि आत्या या मथळ्यांखाली, अर्थासकट. (बाबा आणि आत्या हे मथळे नवीन वाढवावे लागले.) चौथी 'आजी'खाली. तिच्यापुढची जागा मी अजून भरलेली नाही.