नव्या नोकरीचे पहिले दिवस

२००७ साली मी लिपिक म्हणून एका सरकारी कचेरीत रुजू झालो. आमच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. वडील मार्केट यार्डात हमाली करीत, आई चार घरची धुणीभांडी करी. बी. कॉम. झालो, मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली, भरतीची परीक्षा पास झालो आणि नेमणुकीचा आदेश हातात पडला. वस्तीत पेढे वाटले गेले. पण आदेश हाती पडणे आणि खुर्चीवर ठाम बसणे यात बरेच अंतर असते. आज आपली अनेक मुलेमुली नोकरीला लागत आहेत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिल्याच दिवशी विचारणा झाली, "पूर्ण नाव काय?" आडनावावरून अंदाज येईना, तेव्हा "गाव कोणते?" आणि मग "गावात कोणत्या बाजूला घर?" विचारणारा काय शोधतो आहे, हे आपल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध." त्यानंतर कचेरीतल्या चहाची वर्गणी माझ्याकडे कोणी मागितली नाही. "तुमचे काय बुवा, तुम्ही सरकारचे जावई," असेही हसत हसत ऐकवले गेले.

अशा वेळी मला बडोदे आठवे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकीत. राहायला जागा मिळेना. पारशी सराईतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि थोड्याच दिवसांत त्यांना परतावे लागले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या विद्वानाची ही गत! माझ्या पाठीशी निदान कायदा होता, आणि तो त्यांच्याच कष्टाचा. मग चहाच्या कपासाठी मी का झुरावे? मी ठरवले, काम शिकायचे.

काम शिकवायला कोणी बसत नाही. "बघून शिका," एवढेच सांगतात. मी सुट्टीच्या दिवशी जुन्या संचिका वाचल्या. टिपणी कशी लिहितात, मसुदा कसा ठेवतात, आवक बारनिशीतला कागद कार्यविवरण नोंदवहीत कसा उतरतो, हे त्यातूनच कळले. मग माझ्या टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे लावले: निकाली काढायची प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची.

माझ्याकडे संजय गांधी निराधार योजनेचे टेबल होते. गठ्ठे लावताना एका विधवा बाईंचा अर्ज सापडला. पाच महिने पडून होता. उत्पन्नाचा दाखला जोडलेला नव्हता, पण तसे त्यांना कोणी कळवलेच नव्हते. बाई दर पंधरवड्याला येत आणि "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत जात. मी त्रुटीचे पत्र काढून हातात दिले, तलाठ्याकडे कशासाठी जायचे ते समजावले. दाखला आला, प्रकरण समितीच्या बैठकीत ठेवले गेले, अनुदान मंजूर झाले. बाई आपल्या समाजाच्या नव्हत्या. "भाऊसाहेब, तुमचे लई उपकार झाले," म्हणाल्या. माझी आईसुद्धा रेशन कार्डासाठी कचेरीत जाई तेव्हा खिडकीतल्या कारकुनाला असेच हात जोडून भाऊसाहेब म्हणत असे. मी बाईंना म्हटले, "उपकार कसले, हा तुमचा हक्क आहे."

चहाची वर्गणी मागायला तीन महिन्यांनी एकजण आला. तोवर नियम विचारायला दोघेतिघे माझ्या टेबलाशी येऊ लागले होते.

नव्याने रुजू होणाऱ्यांनी काही गोष्टी कटाक्षाने कराव्यात. रुजू अहवालाची पोच घ्यावी. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नेमणुकीचा आदेश यांच्या झेरॉक्स घरी वेगळ्या ठेवाव्यात. सेवापुस्तक उघडले की नाव आणि जन्मतारीख स्वतः डोळ्यांनी तपासावी; जन्मतारखेची दुरुस्ती पाच वर्षांच्या आत मागावी लागते. नामनिर्देशन भरायला विसरू नये. महाराष्ट्राचा विलंब प्रतिबंधाचा २००५ चा कायदा वाचावा. साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ कोणतीही फाईल आपल्याकडे ठेवता येत नाही, हे त्यात लिहिले आहे. अपमान झाला तर तारीख-वेळ लिहून ठेवावी, साक्षीदार कोण तेही लिहावे, आणि तक्रार लेखी द्यावी. तोंडी भांडणात आपलेच नाव खराब होते.

बांधवहो, पहिल्या काही आठवड्यांत कचेरी आपल्याला पारखत असते. आपणही तेवढ्यात एक ठरवून टाकावे, की ही खुर्ची कोणासाठी आहे. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा कागद ज्याच्या हातून पुढे सरकतो, त्याला आपण कोण आहोत हे कोणाला सांगत बसावे लागत नाही.